खुशाली कळली का? आजचा हिंगोलीचा हादरा आणि किल्लारीची आठवण

माळरान | १० जुलै २०२४, सकाळी ७:४१

आत्ता सव्वासातच्या सुमारास नांदेडला चांगलाच हादरा बसला. मांडणीवरची भांडी वाजली, पंखा झुलला, आम्ही सगळे जिन्यानं खाली उतरलो. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. पण माझी मावशी वसमत तालुक्यात एका लहान गावात एकटी राहते, वय एकाहत्तर. तिचा फोन नुसता वाजतोय, उचलत नाही. आठ वेळा लावला.

इथे मराठवाड्यातले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय. हिंगोली, परभणी, नांदेड, वाशिम या भागात ज्यांचं कुणी आहे त्यांनी खुशाली इथे लिहा. गाव किंवा निदान तालुका, बोलणं किती वाजता झालं आणि कुणाशी झालं, एवढं पुरे. ऐकीव काही लिहू नका, फोटो कुठला आणि कधीचा ते ठाऊक नसेल तर टाकू नका. ज्यांना आपल्या माणसाचा पत्ता लागत नाहीये त्यांनी तेही लिहा, त्या बाजूचं कुणी निघालं तर जाऊन बघता येईल. नाव आणि नंबर मात्र इथे उघड्यावर नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

साकव | ७:४८

परभणी शहर. साडेसातला आईशी बोलणं झालं. गल्लीतले सगळे रस्त्यावर येऊन बसलेत. आमच्या भागात पडझड नाही.

भुईरिंगणी | ७:५४

हिंगोली, सासरे, ७:३५. सगळे सुखरूप. मार्चमध्ये बसला होता त्यापेक्षा या वेळी जास्त वेळ हललं असं त्यांना वाटलं. कळमनुरी तालुक्यात एका तांड्यावर माझी मैत्रीण शिक्षिका आहे, तिला मेसेज केलाय, उत्तर आलं की लिहिते.

कवडसा | ७:५७

रिसोड, भाऊ, ७:५०. घरातले सगळे ठीक. माळरान, मावशीचं काही कळलं का?

दूरतार | ८:०४

माळरान, तुमची तगमग कळते, पण आता जरा वेळ फोन लावू नका. मी बरीच वर्षं मोबाईल टॉवरच्या कामात आहे. आत्ता त्या भागात जो तो आपापल्या माणसाला फोन लावतोय. बोलणं चालू असेपर्यंत प्रत्येक कॉल एक वाट अडवून ठेवतो, आणि टॉवरवर अशा वाटा मोजक्याच असतात. त्यात एखाद्या खरोखर अडकलेल्या माणसाचा फोन मागे राहतो. साध्या एसएमएसचं तसं नाही. तो एवढासा असतो, फट मिळाली की सरकतो. पलीकडचा फोन बंद असला तर थांबून राहतो आणि चालू झाला की पोचतो. व्हॉट्सअ‍ॅपला नेट लागतं, त्यामुळे अशा वेळी जुना साधा एसएमएसच बरा.

फोन वाजतोय ही चांगली खूण आहे. टॉवर जिवंत आहे, फोन चालू आहे, त्यात चार्जिंग आहे.

आज वेळ तेवढी वाईट नाही, पण मोठ्या भूकंपासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास चालतो आणि मग मुका होतो. म्हणजे सकाळी लागलेला फोन दुपारी लागेनासा होतो. लांबच्या माणसाला वाटतं, तिथे दुपारी आणखी काही घडलं. घडलेलं काहीच नसतं, बॅटरी उतरलेली असते. त्या मुकेपणाला घाबरून माणसं रात्री-बेरात्री गाड्या काढून निघतात.

माळरान | ८:०९

धन्यवाद. पण मावशीला मेसेज वाचता येत नाही. हिरवं बटण दाबून बोलायचं, एवढंच येतं.

तेरणाकाठ | ८:१३

मग मावशीला सोडा, गावातला दुसरा माणूस धरा. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, पोलीस पाटील, गिरणीवाला, डेअरीवर दूध घेणारा. मावशी म्हैस पाळते का? पाळत असेल तर डेअरीवाला तिला रोज दोनदा बघतो. त्याचा नंबर काढा. मी उमरगा तालुक्यातला आहे, ९३ च्या किल्लारीच्या भूकंपातून गेलेला. नंतर सविस्तर लिहीन, आधी मावशी सापडू द्या.

पिंपळपार | ८:२१

आमच्या भावकीच्या ग्रुपवर आत्ता आलंय की दहा वाजता याहून मोठा धक्का बसणार आहे, सरकारनं कळवलंय. वडील अंगणातून उठायला तयार नाहीत आणि बीपीची गोळी आत राहिलीये. खरं आहे का हे? गाव औंढा तालुक्यात.

कातळ | ८:२९

खरं नाही. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणं अजून जगात कुणालाही जमलेलं नाही. 'दहा वाजता' असं घड्याळ लावून कुणी सांगितलं की ते खोटं समजावं, मग खाली नाव कुणाचंही असो.

मागाहून लहान हादरे येऊ शकतात, ते मात्र खरं. यंदाच २१ मार्चला सकाळी ६:०८ ला ४.५ चा हादरा बसला आणि त्यानंतर अकरा मिनिटांनी ३.६ चा. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या नोंदीत आजचा हादरा ७:१४ चा आणि ४.५ चा दिसतोय. अफवेपेक्षा त्यांचं अ‍ॅप बघा.

वडिलांना सांगा, बाहेर बसलात ते चांगलंच केलंत. तरण्याबांड कुणीतरी आधी भिंती बाहेरून बघून घ्या. घर पक्कं असेल आणि कुठे तडा नसेल तर एकानं आत जाऊन गोळी, पाणी, चपला, चष्मा, बॅटरी एवढं घेऊन यावं. गोळी चुकणं हा आत्ता त्यांना जास्त मोठा धोका आहे.

पिंपळपार | ८:४६

गोळी आणली, घेतली. घर स्लॅबचं आहे, तडा नाही. तुमचा प्रतिसाद त्या ग्रुपवर वाचून दाखवला. आभार.

भुईरिंगणी | ८:५८

तांड्यावरच्या मैत्रिणीचं उत्तर आलं. सगळी मुलं आणि माणसं ठीक आहेत. दोन घरांवरचे पत्रे सरकलेत. तिथे लोक दुसऱ्या हादऱ्याची वाट बघत उभे आहेत, घरात कुणी जात नाहीये. ती म्हणाली, 'आम्हाला विचारणारा तुझाच पहिला मेसेज.' हे वाचून बरं वाटलं नाही.

माळरान | ९:३४

मावशी सापडली! सुखरूप आहे.

मामेभावाकडून डेअरीवाल्या पोराचा नंबर मिळाला. तो मोटारसायकल घेऊन गेला. मावशी गोठ्यापुढच्या लिंबाखाली म्हशीचं दावं हाताला गुंडाळून उभी होती. जमीन हलली तसा तिनं आधी दाव्याला हात घातला, म्हैस बाहेर काढली आणि तिच्याबरोबर स्वतः निघाली. फोन आत कोनाड्यात, चार्जिंगला लावलेला. माझे आठही फोन तिनं अंगणातून ऐकले. त्या पोराला म्हणाली, 'वाजतोय ते कळतंय रे, पण मी आत जात नाही. तूच सांग त्याला.'

जवळजवळ दोन तास मी ज्या फोनला घाबरत होतो तो ती तिथे उभी राहून ऐकत होती. आणि आत न जाण्यात तिचं बरोबर होतं. मागच्या खोलीच्या दगडी भिंतीला कोपऱ्यात तडा गेलाय, हात जाईल एवढा. माझ्या नवव्या-दहाव्या फोनला वैतागून ती आत गेली असती तर, हा विचार डोक्यातून जात नाहीये.

साकव | ९:३८

देवाची कृपा. मावशीला नमस्कार सांगा.

दूरतार | ९:४१

बरं झालं. इतरांसाठी सांगतो: घर रिकामं करताना फोन नंतरही मिळतो, त्यासाठी मागे वळायचं नाही, हे आपापल्या म्हाताऱ्यांना आधीच सांगून ठेवा. आणि लावणाऱ्यांनीही उत्तर नाही म्हणजे वाईटच असं धरू नका.

तेरणाकाठ | १०:२५

आता लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं. मी दहा वर्षांचा. मिरवणुकीतून यायला उशीर झाला. आजीची झोप मोडायला नको म्हणून मी आणि चुलतभाऊ देवळापुढच्या पारावरच आडवे झालो. आई आणि आजी घरात, वडील पुण्याला कंपनीत. पहाटे तीन छप्पन्नला जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. आवाज आधी आला, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा. उठून उभा राहिलो तेव्हा समोर गाव नव्हतं, नुसती धूळ होती, आणि त्या धुळीत कुणी ओरडतही नव्हतं. ओरडणं थोड्या वेळानं सुरू झालं.

त्याआधी वर्षभर, १९९२ च्या ऑगस्टपासून, किल्लारीच्या बाजूला हादरे बसत होते, आवाज येत होते. लोक तेव्हा बाहेर झोपले, मग पुन्हा घरात गेले. आज वसमत-कळमनुरीकडची माणसं जमिनीतल्या गूढ आवाजांबद्दल बोलतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो तो यासाठी.

आईला शेजाऱ्यांनी काढलं. खोरं, टिकाव, घमेली आणि हात. लष्कर, डॉक्टर, मदतीच्या गाड्या सगळं नंतर आलं आणि त्यांनी फार मोठं काम केलं. पण पहिल्या सकाळी जी जिवंत निघाली ती शेजाऱ्यांच्या हातांनी. आजी नाही निघाली.

आता खुशालीचं. आमच्या गावात फोन नव्हता. उजाडल्यावर शाळेच्या गुरुजींनी दोन कामं केली, ती मला आजही कालच बघितल्यासारखी दिसतात. पहिलं, जी पोरं दिसली त्यांना एका वावरात ओळीनं बसवलं आणि हजेरी घेतली. रजिस्टर ढिगाऱ्याखाली होतं, गुरुजींना यादी पाठ होती. नाव घ्यायचे, पोरगं 'हजर' म्हणायचं. उत्तर नाही आलं की पुन्हा एकदा नाव घ्यायचे आणि मग मोठ्या माणसांकडे वळून घर सांगायचे: अमक्याच्या घरात बघा. त्या हजेरीमुळे दोन घरं उकरली गेली, जिकडे तोवर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण त्या घरांतलं मोठं माणूस ओरडायलाच राहिलं नव्हतं. एका घरातली पोरगी जिवंत निघाली.

दुसरं काम, गुरुजी विचारत फिरले: 'पुण्याला कुणाचं कोण हाय? मुंबईला कुणाचं? सोलापूरला?' आणि शाळेच्या वहीची पानं फाडून चिठ्ठ्या लिहिल्या. आईला लिहिता येत नव्हतं. आमची चिठ्ठी अशी होती: 'मी व पोरगा शेतात आहोत. आत्याबाई गेल्या. घर नाही. तुम्ही लगेच या.' वर वडिलांच्या खोलीचा पत्ता. हैदराबाद-सोलापूर रस्त्यावर जाऊन त्या चिठ्ठ्या त्यांनी एका एसटीच्या कंडक्टरजवळ दिल्या.

तिकडे वडिलांनी पुण्यातही हादरा अनुभवला होता, पण आपलं गाव असेल हे डोक्यातही आलं नाही. रेडिओवर लातूर-उस्मानाबाद ऐकलं आणि निघाले. सोलापूरहून मिळेल ते वाहन धरलं, शेवटचं अंतर चालत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. चिठ्ठी आणि वडील वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेले. पंधरा दिवसांनी ते खोली सोडायला पुण्याला गेले तेव्हा खोलीसोबत्यानं चिठ्ठी हातात दिली. सगळं माहीत असूनही ते ती वाचून तिथेच खाली बसले, असं तो सोबती मला मोठेपणी म्हणाला. चिठ्ठी आईच्या ट्रंकेत आहे. घडीवर फाटलीये.

आणखी एक सांगायचं आहे. गावाच्या कडेला एक सालगड्याचं कुटुंब होतं, दिवाळीनंतर परगावाहून आलेलं. नवरा, बायको, दोन लहान लेकरं. लेकरं शाळेत जायच्या वयाची नव्हती म्हणून हजेरीत नाव नव्हतं. बाहेरगावी त्यांचं कोण आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून चिठ्ठी नव्हती. त्यांच्या खोपटाकडे तिसऱ्या दिवशी कुणीतरी गेलं. मी आजवर ज्या ज्या भूकंपाची बातमी ऐकली, भूज असो, नेपाळ असो, तुर्कस्तान असो, तेव्हा मला पहिली आठवण त्या खोपटाची येते. आपापल्या माणसाची खुशाली आपण विचारतोच. ज्याला विचारणारं कुणी नाही, त्याला पहिल्या दिवशी कुणी विचारायचं?

कवडसा | १०:४०

तेरणाकाठ, काय लिहावं कळत नाही. गुरुजी आहेत का?

तेरणाकाठ | १०:४४

नाहीत. निवृत्त होऊन शांतपणे गेले. नव्या गावठाणात शेवटपर्यंत रोज संध्याकाळी एक चक्कर मारायचे.

कातळ | ११:१०

वरच्या आठवणीला जोडून. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. जगात त्याहून मोठे भूकंप सतत होतात आणि एवढी माणसं जात नाहीत. ५२ गावं पार उद्ध्वस्त झाली त्याचं मोठं कारण घरं होती. दगड आणि मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. पावसाआधी दरवर्षी माती चढवायची, म्हणजे छताचं ओझं पिढ्यानपिढ्या वाढत गेलेलं. भिंतीला आतून-बाहेरून दोन पदर आणि ते सांधणारे आरपार दगड नाहीत. हललं की दोन पदर सुटतात आणि माळवद सगळंच्या सगळं खाली. त्यात वेळ पहाटेची, सगळे आत झोपलेले.

अशी घरं अजून मराठवाड्यात बरीच आहेत, मावशीचंही तसंच दिसतंय. म्हणून फोनवर नुसतं 'ठीक आहे ना' विचारू नका, घराबद्दल विचारा. कोपऱ्यात उभा तडा आहे का? भिंतीला पोट सुटलंय का? तुळई जागची सरकलीये का? काल लागणारं दार आज अडकतंय का? यातलं एकही 'हो' असेल तर त्या खोलीत रात्री झोपायचं नाही. तलाठ्याला सांगून पंचनामा करून घ्या, घाईनं तडा लिंपू नका. लिंपला की दिसत नाही, एवढंच होतं.

घाटवाट | ११:२६

आमचं गाव पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तोही पहाटेच. आजी शेवटपर्यंत उशाशी काठी, बॅटरी आणि चपला ठेवून झोपायची. चपला कशाला, असं लहानपणी विचारलं तर म्हणायची, 'अंधारात कौलांचे तुकडे पायात घुसतात.'

ढगवाट | दुपारी १२:१५

२५ एप्रिल २०१५ ला आम्ही तिघं मित्र काठमांडूत होतो. दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना ७.८ चा भूकंप झाला. ठमेलच्या गल्लीतून पळत एका मोकळ्या जागेत आलो. तिथे एका परदेशी मुलीनं सांगितलं की फेसबुकवर 'मी सुरक्षित आहे' अशी खूण करता येते. तेव्हा ती सोय नवी होती. आमच्यापैकी एकाच्या फोनला क्षणभर नेट मिळालं, त्यानं खूण केली आणि माझ्या भावाला एक मेसेज टाकला: 'तिघंही ठीक. मोकळ्या मैदानात आहोत. बाकी दोन घरी तू कळव. फोन करू नका, बॅटरी वाचवतोय. उद्या दुपारी याच वेळी पुन्हा मेसेज करू.'

त्यातलं शेवटचं वाक्य घरच्यांना सगळ्यात उपयोगी पडलं, असं भाऊ नंतर म्हणाला. पुढचा निरोप कधी येणार हे माहीत असल्यामुळे मधले चोवीस तास त्यांनी काढले. नाहीतर दर पाच मिनिटांनी कुणीतरी फोन लावत बसलं असतं. एकाच माणसाला कळवायचं आणि त्यानं पुढे सांगायचं, हेही फार कामाचं. तो माणूस भूकंपाच्या टापूबाहेरचा हवा.

पुढे वायुसेनेच्या विमानानं आलो. पण मी हे लिहितोय ते आमच्या वाटाड्यासाठी. त्याचं घर सिंधुपाल्चोकमध्ये, जिथे सगळ्यात जास्त माणसं गेली. आमची खुशाली काही तासांत पुण्याला पोचली, त्याला स्वतःच्या घरची सहाव्या दिवशी कळली. वाट खचलेली, तो दोन दिवस चालत गेला. आई होती, धाकटा भाऊ नव्हता. १२ मेला पुन्हा ७.३ चा बसला तेव्हा मी त्याला फोन केला. तो म्हणाला, 'पहिल्या वेळी सगळ्या जगानं विचारलं, या वेळी तूच.' तेव्हापासून दर महिन्याला एकदा बोलतो. नऊ वर्षं झाली.

उगवती | १:०२

मी जपानमध्ये राहते. इथे १९९५ च्या कोबेच्या भूकंपात फोनच लागेनात. त्यानंतर १७१ नावाची सेवा सुरू झाली. आपल्या घरचा नंबर दाबून अर्ध्या मिनिटाचा निरोप आवाजात ठेवायचा, आणि ज्याला तो नंबर माहीत आहे त्यानं देशातून कुठूनही तो ऐकायचा. कुणी कुणाला फोन लावायचा नाही, निरोप मध्येच ठेवलेला असतो. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सरावासाठी ती उघडी असते. आम्ही मुलांकडून करून घेतो, त्यांना तो खेळ वाटतो.

यंदा १ जानेवारीला नोतोला ७.६ चा भूकंप झाला. रस्ते खचून डोंगरातली किती तरी खेडी तुटली, आणि तिथे बहुतेक म्हातारी माणसंच. त्याच वेळी काही लोकांनी समाजमाध्यमांवर खोटे पत्ते टाकून 'आम्ही अडकलोय, वाचवा' असं लिहिलं. म्हणून माळरान, वेळ आणि कुणाशी बोललो ते लिहा, हा तुमचा नियम मला फार पटला.

रानवाट | १:२०

आम्ही पाचसहा जण संभाजीनगरहून गाडी करून निघायचा विचार करतोय. जुने कपडे, बिस्किटं घेऊन. यायचं का?

तेरणाकाठ | १:३३

तुमचं मन चांगलं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आज येऊ नका. आज कुठे तशी गरज नाही. मोठा भूकंप झालाच, तरी पहिल्या दोन दिवसांत बोलावल्याशिवाय येऊ नका. ९३ ला किल्लारीच्या रस्त्यावर बघ्यांच्या गाड्यांची रांग लागली होती आणि जखमींच्या गाड्या त्या रांगेत अडकत होत्या. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजले. लुगडं नेसणाऱ्या बायांना त्यातलं काही चालणारं नव्हतं. आईनं त्या ढिगातून एकच वस्तू घेतली, एक शाल, ती आजीच्या दहाव्याला कुणाला तरी दिली.

आधी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारा काय लागतंय, राज्याचा नंबर १०७०. कुणी अडकलं असेल तर ११२. आणि खरंच यायचं असेल तर तीन महिन्यांनी या, सहा महिन्यांनी या. तेव्हा कुणी नसतं. ९३ ला पुण्याच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशेच्या आसपास मुलं शिकायला नेली आणि वर्षानुवर्षं सांभाळली. आमच्या गावातली दोन त्यात होती. असं लांब पल्ल्याचं काम लागतं.

रानवाट | १:४१

कळलं. गाडी रद्द. भुईरिंगणी, तांड्यावर पत्र्यांचं काय लागेल ते मैत्रिणीला विचारून व्यनि कराल का?

ओंजळ | ३:१०

मी परिचारिका आहे, आपत्तीनंतरच्या शिबिरांत काम केलंय. खुशाली विचारताना 'कसं झालं, सांग ना सगळं' असं करू नका. त्या माणसानं सकाळपासून वीस जणांना तेच सांगितलेलं असतं. त्याऐवजी साधं विचारा: जेवलात का? रात्री कुठे झोपणार? सोबत कोण आहे? गोळ्या किती दिवसांच्या आहेत? त्याला बोलायचं असेल तर तो आपणहून बोलेल, तेव्हा मध्ये काही न बोलता ऐका. 'नशीब समज, वाचलास' हे तर म्हणूच नका. ज्याचं कुणी गेलंय त्याला ते टोचतं.

लहान मुलं पुन्हा अंथरूण ओलं करू लागली, आईला सोडेनाशी झाली, तर रागावू नका. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप निवळतं. मोठ्यांची झोप महिनाभरानंतरही परत आली नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

तेरणाकाठ | ३:२८

ओंजळ, अगदी. पुनर्वसनात आम्हाला नवी पक्की घरं मिळाली, रुंद रस्ते मिळाले. पण जुन्या गल्लीतली घरं लांब लांब विखुरली. आई पहिली दोन वर्षं स्लॅबखाली झोपली नाही, अंगणात बाज टाकायची. पूर्वी रात्री नुसती खोकली तरी शेजारची काकू 'काय गं' म्हणायची. नव्या गावात ती हाक ऐकू यायची नाही.

माळरान | रात्री ९:५२

संध्याकाळी गावाला जाऊन आलो. मावशीला नांदेडला चल म्हणून खूप विनवलं. म्हैस कुणाच्या जिवावर सोडू, म्हणाली. तिच्यापुढे माझं चाललं नाही. मागची खोली बंद करून कुलूप लावलं, किल्ली मी घेऊन आलो. पुढे पत्र्याची पडवी आहे, तिथे बाज टाकली. तलाठ्यांना फोटो पाठवलेत. फोन एका पिशवीत घालून तिच्या गळ्यात अडकवला. उशाशी चपला आणि बॅटरी ठेवली, घाटवाटच्या आजीचं ऐकून.

गावातल्या अशा एकट्या म्हाताऱ्यांची यादी आशाताईंकडे होतीच, औषधांसाठीची. आज ती बघून डेअरीवाल्यानं आणि त्यांनी मिळून घरं वाटून घेतली. अकरा घरं निघाली. वीटभट्टीवरची दोन कुटुंबं यादीत नव्हती, ती मी घालायला लावली. तेरणाकाठ, तुमच्यामुळे.

आणि एक ठरलं. मावशी रोज सकाळी साडेसहाला डेअरीवर दूध घालते. दूध आलं की तो पोरगा मला दोन शब्दांचा मेसेज करणार. नाही आलं तर आधी तिच्या घरी जाणार, मग मला फोन.

तेरणाकाठ | ९:५८

हे फार चांगलं केलंत.

माळरान | ११ जुलै, सकाळी ६:४४

मेसेज आला. 'दूध आलं. दीड लिटरच. म्हैस बुजलीये, दोन दिवसांत पान्हवेल म्हणतेत मावशी.'